रत्नमालाची सत्यप्रत

मुकुंदवाडी
३ ऑगस्ट २०२५

कडू,

फोन जमा करून घेतलाय म्हणतेस, तर घे, कागदावर बोलतो. कॉलेज सोडल्यापासून पेन हातात धरला नव्हता. अक्षराला हसू नको.

मला काम लागलं. हसू नको म्हटलं ना! पोलिसांची नवी ओळखपत्रं निघालीत. त्याचं कंत्राट एका कंपनीनं घेतलंय आणि त्या कंपनीनं मला घेतलंय. कार्डावर ती काळ्या ठिपक्यांची चौकट असती. दारात कोणी येऊन म्हणलं की मी पोलीस, तर आपण मोबाइल त्या चौकटीवर धरायचा. खरा असला तर त्याचा फोटो, नाव, बिल्ला नंबर दिसतो. खोटा असला तर काहीच नाय. गुलमंडीतल्या एका म्हाताऱ्या कापडवाल्याला खाकी घातलेल्या चोरानं व्हिडिओवर दोन दिवस खुर्चीतनं उठू दिलं नव्हतं, तवापासून सगळ्यांना घाई झालीय.

माझ्या पुढ्यात कॅमेरा आणि बोटांचं मशीन. ज्यांना बघून आपण गल्ली बदलायचो ते मिशीवाले फौजदार माझ्यापुढं उभे राहतात आणि मी म्हणतो, "साहेब, हनुवटी खाली. अजून खाली." करतात बिचारे!

आता ऐक. परवा नव्या भरतीच्या फाइली आल्या, त्यात तुझी. कागद जुळले की हिरवी खूण, नाय जुळले की लाल. जन्मदाखला उघडला. 'रत्नमाला, जन्म ११ मार्च २००३.' हात थांबला माझा. ही पोरगी तेरा महिन्यांची असताना तापानं गेली. आज तिच्या नावानं परेड करतीय ती तिच्या पाठची, दोन वर्षांनी लहान, जिची नोंद कधी झालीच नाय. त्या हॉलात हे मला एकट्याला ठाऊक. मशीननं विचारलं, जुळतंय? मी म्हटलं, जुळतंय. हिरवी!

घाबरू नको. मी आहे इथं.

सुट्टी कधी? रेल्वे स्टेशनातलं आपलं बाकडं अजून रिकामं आहे.

तुझा,
आकाश


प्रशिक्षण केंद्र
१२ ऑगस्ट २०२५

आकाश, जयभीम.

पहिली गोष्ट. ती बाब पुन्हा कागदावर लिहू नकोस. इथं पत्रं फोडत नाहीत, पण आमच्या वसतिगृहाच्या लीलाबाई पाकीट उन्हाला धरून बघतात. माझ्या शेजारच्या कॉटवरच्या अमृताला तिच्या नवऱ्यानं लिहिलेलं अर्धं पत्र त्यांना पाठ आहे.

दुसरी गोष्ट. तू असं लिहितोस जसं काही मी चोरी केली आणि तू झाकलीस. आईनं ते कोणाला फसवायला केलं नव्हतं. मी जन्मले ऊसतोडीच्या कोपीत, पाचटाच्या खोपट्यात, तिथं कोण नोंद करणार? गोड नावाची गेली म्हणून माझं नाव कडू ठेवलं, की मरणानं तोंड वाकडं करून निघून जावं. गावी आलो तर आई बांधकामावर, मी चार वर्षांची, मला ठेवायचं कुठं? शाळेत सहा वर्षांचंच मूल घेत आणि खिचडी त्यालाच. घरात दाखला एकाच पोरीचा होता. आईनं तो दिला. बाईंनी हजेरी घेतली, "रत्नमाला". आईनं मला मागून ढोसलं, "हजर म्हण." मी म्हटलं. तेव्हापासून म्हणतेच आहे.

तरी टिक केलीस त्याबद्दल आभार. खरंच.

इथं साडेचारला शिट्टी. तळपायाला फोड आहेत आणि मी धावण्यात तुकडीत तिसरी आहे. तुझं काम टिकव. आणि जमलं तर कॉलेज परत धर. तीन सत्रं काही कमी नाहीत.

सुट्टीचं बघू.

रत्ना


मुकुंदवाडी
२६ ऑगस्ट २०२५

रत्नमाला मॅडम,

आज एक शिपाई आला. अभय नाव. बूट एवढे चकचकीत की त्यात माझं तोंड दिसलं. म्हणाला, "भाऊ, फोटो जरा बरा काढा. कार्ड लग्नाच्या आधी येईल ना?"

"कधी लग्न?"

"पोरगी ट्रेनिंगला हाये. तिचं संपलं की."

"म्हणजे तीबी पोलीस?"

"व्हय. मुकुंदवाडीची. रत्नमाला."

मी त्याचा अंगठा अकरा वेळा घेतला. "जमत नाय साहेब, घाम येतोय तुम्हाला." "परत." "एवढं दाबू नका." "आता दाबा." तो हसत राहिला. बाराव्या वेळी त्यानं स्वतःच्या रुमालानं माझं मशीन पुसलं आणि म्हणाला, "सकाळपासून बसलाय भाऊ तुम्ही. चहा सांगू का?" त्यानं सांगितला, मी घेतला. फोटोत त्याचे डोळे मिटले होते, तोच ठेवला. आता जो कोणी त्याचं कार्ड तपासंल त्याला हा शिपाई झोपलेला दिसंल.

मला का सांगितलं नाय? तुझ्यावर शिट्टी मारणाऱ्याचं नाक मी कॉलेजच्या गेटावर फोडलं, त्यापायी मला परीक्षेला बसू दिलं नाय. ते कोणासाठी केलं व्हतं? बाकड्यावर बसून तू तुझ्या बहिणीची गोष्ट सांगितलीस ती कोणाला? त्या बूटवाल्याला? सगळ्या जगात एका माणसाला सांगितलीस, आणि आता त्या माणसानं तुझ्या नवऱ्याचे अंगठे घ्यायचे! तुझ्याशिवाय माझा जीव जाईल, हे तुला ठाऊक असून.

उत्तर दे. गोड बोलू नको, उत्तर दे.

आकाश


प्रशिक्षण केंद्र
६ सप्टेंबर २०२५

आकाश,

गोड बोलत नाही.

सांगितलं नाही, कारण तू असाच वागशील हे ठाऊक होतं. त्याचं नाक फोड असं मी म्हणाले नव्हते. तू फोडलंस आणि महिनाभर सगळं कॉलेज माझ्याकडं बघत होतं. तुझ्या शेजारी बसलं की माझं अर्धं लक्ष रस्त्यावर, आता हा कोणावर धावणार म्हणून. आईनं अभयला घरी बोलावलं तेव्हा मी आयुष्यात पहिल्यांदा निवांत कपभर चहा प्यायले. एवढंच आहे. यात पगार नाही, वर्दी नाही. तुला हे लागेल. लागू दे.

मला तुझ्यावर प्रेम नव्हतं असं मी लिहिणार नाही. पण प्रेमाला मी घाबरत होते आणि मला घाबरायचं नाही.

एक मागते. बहिणीचं मी अभयला अजून सांगितलेलं नाही. माझ्या तोंडानं सांगीन, लग्नाआधी सांगीन. आज ते आईला, मला आणि तुला ठाऊक आहे. तिथंच राहू दे. रागात असलास तरी.

रत्ना


मुकुंदवाडी
१५ सप्टेंबर २०२५

रत्ना,

तुझं पत्र चार वेळा वाचलं. पहिल्या वेळी फाडणार होतो. चौथ्या वेळी वाटलं, खरं आहे. मी रागीट आहे. अभय चांगला माणूस आहे, त्यानं मला चहा पाजला. तुझं भलं झालं म्हणजे झालं. हा विषय माझ्याकडनं संपला.

आज लिहितोय ते वेगळ्या कारणानं. बसून वाच.

नव्या भरतीच्या फाइलींची वरून परत तपासणी लागली. कुठल्या तरी जुन्या नोंदीशी ताडून बघतायत. काल तुझ्या नावापुढची हिरवी जाऊन लाल आली. मी दोनदा बंद करून चालू केलं. लालच. महिनाअखेर यादी वर जाणार. लाल वाल्यांना थेट अटक, असं इथं बोलतायत.

पण एक वाट आहे. परिपत्रक आलंय की यादी जायच्या आत जो स्वतःहून खरं लिहून देईल, त्याचं नाव दुरुस्त करून नोकरी तशीच ठेवायची. मी डोळ्यांनी वाचलं. तू लिहून दे, रत्ना. त्यांनी धरायच्या आत.

मला तुझी काळजी वाटती. बाकी काही नाय.

आकाश


प्रशिक्षण केंद्र
२१ सप्टेंबर २०२५

आकाश,

रविवारी दहा मिनिटं फोन मिळतो. आईला केला, पण हे विचारलं नाही. रांगेत मागं पोरी उभ्या होत्या. "जेवलीस का" एवढंच विचारलं. ती म्हणाली, "तुझा आवाज असा का येतोय?"

मला सरळ सांग. लाल तू स्वतः बघितलंस? कोणी सांगितलं असं नाही ना? आणि ते परिपत्रक? इथं कोणीच बोलत नाही. अमृताला आडून विचारलं, ती म्हणाली, असं काही असतं तर लीलाबाईंना आधी कळलं असतं.

तीन रात्री झोप नाही. काल धावताना पडले, गुडघा सोलला. कवायतीचे उस्ताद ओरडले, "रत्नमाला, जमिनीत काय शोधतीस?" मला एकदम वाटलं, यांनाही ठाऊक आहे.

तू रागात हे करत नाहीस ना? तुझ्यावर असा संशय घेताना मला लाज वाटतीय. तरी विचारते. तुझ्या आईची शपथ घेऊन सांग. मग मी काही विचारणार नाही.

रत्ना


मुकुंदवाडी
२५ सप्टेंबर २०२५

रत्ना,

माझ्या आईची शपथ. या डोळ्यांनी बघितलं. लाल.

परिपत्रक गुप्त आहे, सगळ्यांना सांगितलं तर सगळेच माफी मागत सुटतील. लीलाबाईंना काय घंटा कळतंय!

आता वेळ घालवू नको. खाली अर्ज लिहून देतोय, तसाच उतरव. शब्द बदलू नको.

"मी खाली सही करणार लिहून देते की, माझं खरं नाव कडूबाई असून रत्नमाला ही माझी मयत बहीण आहे. तिचा जन्मदाखला वापरून माझा शाळाप्रवेश झाला व त्याच आधारे मी पोलीस शिपाई पदावर भरती झाले. ही बाब मला पहिल्यापासून माहीत होती. मी स्वखुशीनं हे सांगत आहे."

'मला माहीत होती' हे राहू दे. खरेपणा दिसतो त्यात. अर्ज आवक रजिस्टरला नोंदवून घे आणि नंबर माग, नायतर गहाळ करतील.

आकाश


प्रशिक्षण केंद्र
१ ऑक्टोबर २०२५

आकाश,

दिला. आवक नंबर मिळाला. कारकुनानं शिक्का मारताना वाचला आणि माझ्याकडं वर बघितलं, मग परत वाचला.

विचित्र वाटेल, पण देऊन बाहेर आले तर अंग हलकं झालं होतं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा सहीत 'कडूबाई' लिहिलं. जमेना, ऊकार दोनदा गिरवला.

तू नसतास तर मला कळलंच नसतं. तुझ्याबद्दल जे जे वाईट मनात आलं त्याची माफी मागते.

रत्ना


मुकुंदवाडी
१० ऑक्टोबर २०२५

कडू,

तुला ट्रेनिंगमधनं काढून घरी पाठवतायत, हे तुझ्या आईकडनं आत्ताच कळलं. ती नळावर रडत होती. मी बादली उचलून घरापर्यंत दिली.

झालं ते झालं. सरकारचा काय भरवसा? आज एक बोलतं, उद्या एक. पण तू हे बघ ना, की आता तुला कोणापुढं खोटं 'हजर' म्हणायला नको. अभयच्या घरच्यांनी काय केलं तेबी कळलं. बघितलंस? त्याला कार्डावरची पोरगी पाहिजे होती. मला तसलं काय नको. रत्नमाला त्याची व्हती तर असू दे. कडू माझी आहे, पहिल्यापासून.

ये घरी. मी कमावतो. राग सोडला मी, खरंच सोडला. बाकड्यावर बसू आणि ठरवू. आईला मी तुझ्याविषयी सांगून ठेवलंय, ती नाय म्हणली नाय.

तुझी वाट बघतोय. लई.

तुझाच,
आकाश


मुकुंदवाडी
२ नोव्हेंबर २०२५

आकाश,

तीन गल्ल्या ओलांडून येऊ शकले असते. मला तुझं तोंड बघायचं नाही, म्हणून लिहिते.

माझी चौकशी साहेबराव म्हणून अधिकारी करतायत. त्यांनी माझा अर्ज वाचला आणि विचारलं, "बाई, तुम्हाला हे लिहायला सांगितलं कोणी?" मी म्हटलं, लाल खूण आली म्हणून. त्यांनी संगणक माझ्याकडं फिरवला. माझ्या नावापुढं हिरवी होती. एक ऑगस्टपासून हिरवी. परत तपासणी लागलीच नव्हती. परिपत्रक नव्हतं. साहेबांनी अर्ज उलटून आवक नंबर बघितला. मग म्हणाले, "हा अर्ज रजिस्टरला चढला नसता तर मी तुझ्यादेखत फाडला असता, पोरी." नंबर माग, असं तू लिहिलं होतंस.

सगळ्या तुकडीपुढं माझी टोपी आणि पट्टा काढून घेतला. अमृता सावधान उभी होती, तिला रडता येईना. अभयच्या वडलांनी आईला फोन केला, "सुपारी फुटायच्या आत कळलं ते बरं झालं." अभय स्वतः आला नाही. आला असता तर त्याला काय सांगितलं असतं, तेही मला ठाऊक नाही.

ते होऊ दे. आईचं ऐक. तिच्यावर गुन्हा लिहिलाय. तिला घेऊन गावी गेले, म्हणाले, थोरलीला पुरलं ती जागा दाखव. तिथं आता प्लॉट पडलेत, घरं झालीत. आई एका घराच्या ओट्याकडं बोट दाखवत होती. ओट्यावर एक बाई लसूण सोलत बसली होती. ती उठून भांडायला लागली, आमच्या दारात मढं कुठलं दाखवता? आई तरी बोट खाली घेईना. वीस वर्षांत आईनं त्या पोरीची आठवण म्हणून कधी काढली नव्हती.

आणि मी. दहावी, बारावी, भरतीचे मार्क, सगळं रत्नमालाचं. खऱ्या नावानं मी शाळेचं तोंड बघितलेलं नाही. कडूबाई निरक्षर आहे. तुला जी पाहिजे होती ना, ती ही.

साहेबांच्या हिशेबानं माझं खरं वय घातलं असतं तरी मी भरतीला बसले असते. वीस पूर्ण आहेत मला. एवढंसुद्धा मी कधी मोजून बघितलं नव्हतं, भीतीनं.

तुझी सगळी पत्रं मी जमा केली. झेरॉक्स काढून कारकुनानं प्रत्येक पानावर 'सत्यप्रत' असा शिक्का मारला. 'तुझ्याशिवाय माझा जीव जाईल' त्यावरही मारला. मोठ्यानं वाचत होता, शेजारचा टेबलवाला हसत होता. मी तिथंच उभी होते.

आता काम सांगते. साहेब म्हणाले, त्या ऑपरेटरनं कबूल केलं की खोटी भीती घालून हे लिहून घेतलं, तर आईचं नाव वगळता येईल, आणि माझ्या बाबतीत त्यांना वर दोन शब्द लिहिता येतील. चार वर्षांच्या पोरीनं हजर म्हटलं, हा तिचा गुन्हा कसा, असं ते लिहिणार आहेत. कारणे दाखवा नोटिशीला पंधरा दिवस आहेत. गुरुवारी, सहा तारखेला तुला बोलावलंय. पत्रं पुढं ठेवतील आणि विचारतील, हे अक्षर तुमचं?

व्हय म्हण.

मला तुझी माफी नको, प्रेम नको. तू शिपायाला झोपवलंस, मला मारलंस, सगळं सोडून देते. आई बासष्टची आहे. व्हय म्हण.

कडूबाई


मुकुंदवाडी
७ नोव्हेंबर २०२५

श्रीमती रत्नमाला यांस,

हे गुलमंडीत टाइप करून घेतलं आहे. खाली सही नाही. वाचून झालं की फाडावे.

काल जबाब दिला. गेटापर्यंत 'अक्षर माझं' असं मनात म्हणत गेलो होतो, हे खरं आहे. आत कंपनीचे मॅनेजर बसले होते. ते बाजूला घेऊन म्हणाले, फाइलीतली माहिती तू बाहेर सांगितली असं निघालं तर कंपनीचं कंत्राट जाईल आणि तू आत जाशील, अजून तेवीसचा नाहीस, विचार कर. बोलावणं आल्याचं कळल्यापासून घरी आईनं दोन दिवस अन्न घेतलं नव्हतं. मी तिचा एकटा आहे.

साहेबांनी पत्रं पुढं ठेवली. शिक्के मारलेली.

"हे अक्षर तुमचं?"

"नाही."

"तज्ज्ञाकडं पाठवू."

"पाठवा."

त्याला सहा महिने लागतात, असं मॅनेजर म्हणाले. तुमच्या नोटिशीचे दिवस त्याआधी संपतात, हे मला ठाऊक आहे. मी काय करू? तू मला निवांत चहासाठी सोडलंस तवा मी काय केलं असंल, ते तू कधी विचारलं का?

मग त्यांनी विचारलं, या बाईंना ओळखता का. म्हटलं, फाइल आली होती, तेवढंच. साहेबांनी ड्रॉवरमधून तुझा फोटो काढला. टोपीतला, ट्रेनिंगच्या सुरुवातीचा, फाइलीतनं मीच मशीनवर चढवलेला. टेबलावरून माझ्याकडं सरकवला आणि म्हणाले, "घाई नाही. नीट बघा."

मी नीट बघितलं. म्हटलं, नाय.